रविवारची शिकवणी

प्रिय बहिणीस,

पत्राच्या वर काय लिहावं ह्यातच माझी निम्मी दुपार गेली. नवऱ्याच्या भावाच्या बायकोला आपल्या भाषेत शब्द आहे, बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यालाही आहे. पण गेलेल्या बहिणीच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, तर त्या बाईला बहिणीच्या बहिणीनं काय म्हणायचं, ते कोणी ठरवून ठेवलेलं नाही. जवळपासचा एक शब्द आहे, पण तो भांडणाचा आहे, आणि तो वापरायचा हक्क गेलेल्या बहिणीचा, माझा नव्हे. शेवटी म्हटलं, बहिणीच्या जागी आलेली ती बहीणच. नाही आवडलं तर सांग, बदलू.

आपण एकदाच भेटलो. तू माझ्या स्वयंपाकघरात भिंतीकडच्या खुर्चीवर बसलीस. ती डगमगते हे मी सांगायच्या आतच बसलीस, आणि चहा संपेपर्यंत एका पायावर जोर देऊन तोल सांभाळत राहिलीस, पण खुर्चीबद्दल बोलली नाहीस. बहिणीच्या दोन मुलींपैकी धाकटीचं नाक वाहत होतं. तू स्वतःच्या रुमालानं पुसलंस, आणि पुसताना कोण बघतंय ते पाहिलं नाहीस. मी बघत होते. तू चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतेस आणि मी कवळ्या बनवते, हे कळल्यावर तू म्हणालीस, "म्हणजे आपण दोघी मिळून अर्धा चेहरा झालो." त्या दिवशी मी एवढ्या एकाच गोष्टीवर मनापासून हसले. निघताना तू बेसिनपाशी हात धुताना हळूच म्हणालीस, "ताई, मला प्रार्थना पाठ आहेत, पण शिकवता येतील का कोण जाणे." मी तेव्हा कपबश्या आवरत राहिले. लग्नाला येऊन बोलणार होते, तर ताप आला. ताप खरा होता हो, हवं तर आमच्या डॉक्टरांना विचार.

आता पुढच्या महिन्यात मोठीचं पहिलं कम्युनियन आहे, तुझ्या चर्चमध्ये; ख्रिस्तप्रसादाचा पाव पहिल्यांदा तिच्या तळहातावर पडेल. त्या सकाळी बाकावर तिच्याशेजारी तू असशील, मी नसेन. त्या सकाळबद्दल तुला एक गोष्ट सांगायलाच हवी आहे. फोनवर सांगितली असती, पण तुमच्याकडे फोन उचलला की आधी दोघी त्यावर तुटून पडतात, आणि मग माझी गाडी जेवलात का, झोपलात का, ह्याच्या पुढे जात नाही. शिवाय ती गोष्ट एकदम सांगितली तर तुला विचित्र वाटेल. आधी आम्ही कसं शिकलो ते ऐक.

तुला ठाऊक आहे, बहीण, तिचा नवरा आणि मुली माझ्या वरच्याच मजल्यावर राहायचे. बहीण गेली तेव्हा मोठी पाच वर्षांची होती आणि धाकटी जेमतेम बोलायला लागली होती. मुलींचे बाबा अंत्यविधीनंतर चर्चला गेलेच नाहीत. एकदा जिन्यात गाठून विचारलं तर म्हणाले, "देवाशी माझं भांडण नाही ताई, फक्त बोलणं बंद आहे." पण दोघींच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून मी उभी होते. हातात मेणबत्ती धरून, ह्या मुलींना श्रद्धेत वाढवाल का, ह्या प्रश्नाला मोठ्या आवाजात हो म्हटलं होतं. तेव्हा वाटलं होतं, हो म्हणायला काय जातं! आई आहे, बाप आहे, आपल्यावर कशाला वेळ येतेय.

चर्चमध्ये लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग असतो, तिथे मोठीला एकदा नेलं. शिकवणाऱ्या बाई भल्या होत्या. त्यांनी मेंढपाळाचं चित्र रंगवायला दिलं आणि शेवटी सगळ्यांना म्हणाल्या, "घरी जाऊन आईला दाखवा हं." मोठीनं ते चित्र तिथेच बाकाखाली सरकवलं आणि पुन्हा त्या वर्गात पाऊल टाकलं नाही. मी जाऊन आमच्या म्हाताऱ्या फादरांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तूच शिकव." मी म्हटलं, "फादर, मी दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या करते, मला कुठलं शिकवायला येतंय?" तर म्हणाले, "येशूनं कोळ्यांना निवडलं. त्याला कवळीवालीचं वावडं नसावं." झालं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं जायचं, आणि दोघी केस विंचरून खाली यायच्या. मोठीचं नाव आम्ही वकील ठेवलं होतं, ते तुला आता पटलं असेल. धाकटी साखरेच्या डब्याभोवती असायची म्हणून मुंगी.

पहिला धडा क्रुसाच्या खुणेचा. मी समोर बसून केलं, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. दोघींनी आरशात बघावं तसं केलं. डाव्या हातानं, आणि उजवा खांदा आधी. मी म्हणायची "दुसरा हात", की त्या हात बदलायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच. शेवटी माझ्या लक्षात आलं की चूक त्यांची नाही, समोर बसण्याची आहे. मग मीच उलटं करायला लागले, डाव्या हातानं, उलट्या खांद्यापासून, म्हणजे त्यांचं सुलटं व्हावं. तसं दोन वर्षं केलं. एकदा चर्चमध्ये मिस्सेत शेजारच्या आजीबाईंनी कोपर मारलं, "अगं, उलटं केलंस." मी म्हटलं, "मुलींचं सुलटं आहे ना, झालं तर." आता मुली समोर नाहीत, पण हात अजून उलटाच जातो. तू शिकवशील तेव्हा समोर बसू नकोस. शेजारी बस.

आमच्या प्रार्थना काही पुस्तकातल्यासारख्या नसायच्या. आमच्या पित्या, नमो मारिया, हे व्हायचंच. त्यानंतर कुणासाठी काय मागायचं ते ज्यानं त्यानं सांगायचं. माझं काम असं की मला माणसं दिसतच नाहीत. डॉक्टर पुढच्या खोलीत जबड्याचा ठसा घेतात, तो माझ्याकडे येतो. मी त्यात प्लास्टर ओतते, मेणात दात लावते, घासून चकचकीत करते, आणि तो पुढे जातो. कुणाच्या तोंडात गेला, तो माणूस हसला की नाही, मला कधी कळत नाही. जुने साचे फेकायच्या आधी मी त्यातले दोनचार घरी आणायची, मुलींना खेळायला. एका रविवारी मुंगीनं एक जबडा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाली, "ह्या आजोबांसाठी. त्यांना सफरचंद खाता यावं." मी विचारलं, आजोबा कशावरून? तर म्हणाली, "आजीचं तोंड एवढं मोठं नसतं." तेव्हापासून दर आठवड्याला एक जबडा प्रार्थनेला बसायला लागला. वकीलबाई आधी चौकशी करायच्या, पुढचे दात पडलेत की मागचे, म्हणजे मागणं नेमकं करता येईल. हसू नकोस, पण त्यामुळे माझ्या कामाला चेहरे आले. आता मागच्या खोलीत बसते तेव्हा पुन्हा नुसते जबडे दिसतात.

मोठीच्या प्रश्नांना तयार राहा. "देव सगळीकडे आहे तर चर्चला कशाला जायचं?" मी म्हटलं, "तू घरभर हुंदडत असतेस, पण जेवायला टेबलापाशीच येतेस ना?" हे तिनं मान्य केलं, पण लगेच नाही, आठवड्यानं. पापांची कबुली द्यायची तयारी चालली होती तेव्हा तिनं पापं सांगायला सुरुवात केली, आणि निम्मी मुंगीचीच निघाली. मी म्हटलं, "स्वतःची सांग." म्हणाली, "माझी संपली." मग जरा थांबून, "आणि बाबांनी देवाशी बोलणं बंद ठेवलंय, ते कुणाच्या खात्यात धरायचं?" मी म्हटलं, ते त्या दोघांचं आपसातलं आहे, आपण मध्ये पडायचं नाही. तुमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला फोनवर पहिली बातमी ही दिली, की बाबा गुडघ्यावर बसले होते, पण ओठ हलत नव्हते. मी म्हटलं, नसू देत हलत. रागावलेलं माणूस एकदम बोलत नाही, आधी नुसतं येऊन शेजारी बसतं. हे तुझ्यामुळे झालं. ते मला ठाऊक आहे, आणि मी त्याबद्दल देवाचे आभार मानले आहेत. थोडा उशीर लागला मानायला, पण मानले.

मुंगीचं शिकवणं सोपं आहे. तिला फक्त शेवटचं आमेन तिचं लागतं. आपण नंतर म्हटलं तर ती पूर्ण प्रार्थना पहिल्यापासून सुरू करते, तेव्हा घाई असेल त्या दिवशी तोंड मिटून राहा. आम्ही कम्युनियनचा सराव करायचो, पावाचे पातळ काप करून मेण कापायच्या कडीनं गोल तुकडे काढायचे. डावा तळहात उजव्यावर, "ख्रिस्ताचं शरीर" म्हटलं की "आमेन". मुंगीनंही हात पुढे केला. मी म्हटलं, तुला अजून समजायचं आहे, तू लहान आहेस. तर म्हणाली, "मला भूक लागलीय ना! अजून काय समजायचं?" फादरांना सांगितलं तर ते इतके हसले की खोकला लागला. म्हणाले, "हिला मी आजच दिलं असतं, पण नियम आड येतो."

आता वरच्या मजल्यावर दुसरं कुटुंब आलंय. नवराबायको दोघंच, अगदी शांत. मला आवाजाची सवय, आणि इथे वर कोणी खुर्चीसुद्धा ओढत नाही. पहिल्या रविवारी मी सवयीनं टेबल पुसलं आणि मग त्याच्यापाशी बसून राहिले. दुसऱ्या रविवारी ठरवलं की दुपारी फिरायला जायचं. गेले, कोपऱ्यावरच्या बागेला दोन चकरा मारल्या, बाकावर एक बाई नातवाला ओरडत होती ते ऐकत बसले, आणि परत येऊन टेबल पुसलं. तुझ्या नवऱ्यानं निघताना मला एक विनंती केली, ती तुझ्या कानावर घातली असेल की नाही ठाऊक नाही. म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण लग्नानंतर थोडे महिने येऊ नका. तुम्ही दिसलात की मुली इकडच्या होतात. त्यांना तिकडं रुळू दे." त्यांचं बरोबर आहे. रोपटं हलवलं की जुन्या मातीत पुन्हा पुन्हा हात घालायचा नसतो. ह्या थोड्या महिन्यांत मोठीचं कम्युनियन येतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मी आठवण करून दिली नाही. तूही देऊ नकोस. मी आले तर ती माझ्याकडे बघेल, आणि त्या सकाळी तिनं मागे वळून बघावं असं मला वाटत नाही.

आणि आता ती गोष्ट. जाण्याआधीचा शेवटचा रविवार होता. वरचं घर खोक्यांत भरलेलं, म्हणून दोघी सकाळपासून माझ्याकडेच होत्या. मुंगी टेबलाखाली पावाच्या कडा खात होती. मी मोठीच्या तळहातावर सरावाचा तुकडा ठेवला, तिनं आमेन म्हटलं, पण खाल्ला नाही. मूठ मिटली आणि विचारलं, "मावशी, जागा होईल ना?" मी म्हटलं, "कसली जागा?" "आत." मला वाटलं, तुकडा घशात अडकायची भीती वाटतेय. म्हटलं, अगं, तो इतका पातळ असतो, विरघळून जातो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की हिला साधं कळत कसं नाही. म्हणाली, "तूच सांगितलंस ना, आई येशूजवळ आहे. आणि तूच सांगितलंस की त्या तुकड्यातून येशू पूर्ण येतो, थोडासा नाही. मग तो आईला तिकडे एकटीला ठेवून कसा येईल? मी तरी मुंगीला एकटं सोडते का? बरोबर घेऊनच येणार." आणि मग अगदी व्यवहाराचं बोलावं तसं म्हणाली, "मी तिला सांगायचं सगळं नीट लावून ठेवलंय. आधी शाळेचं, मग मुंगीचं, मग बाकीचं."

तुला आठवतं, त्या दिवशी चहा पिताना तू मला विचारलं होतंस, ही मुलगी रडत नाही का कधी? मी मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, फार समजूतदार आहे. सगळेच म्हणायचे, एवढीशी पोर, पण किती धीराची. ती धीराची नव्हती गं. ती वाट बघत होती. मी त्या रविवारी पावाचे तुकडे गोळा केले, मुंगीला टेबलाखालून बाहेर काढलं. मग किती दिवस मी तिला शिकवलेली ती दोन्ही वाक्यं उलटसुलट करून पाहिली. त्यातलं खोटं कुठलं? एकही सापडेना. शेवटी फादरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "चूक मलाही सापडत नाही. आपण वेदीपाशी जातो तेव्हा आपली गेलेली माणसं आपल्यापासून लांब नसतात, हे मी इतकी वर्षं प्रवचनात सांगत आलो. पण त्या पोरीला आवाज ऐकू येणार नाही. आणि तेव्हा तिच्याजवळ कोणीतरी असलं पाहिजे." खरं सांगू का? तिचं ते ऐकल्यापासून मीसुद्धा कम्युनियन घेऊन बाकावर परतले की जरा जास्त वेळ डोळे मिटून बसते. मला काही ऐकू येत नाही. पण मी मोठी आहे, मला त्याची सवय आहे.

म्हणून हे पत्र. त्या सकाळी ती बाकावर परत येईल, गुडघे टेकेल आणि डोळे मिटेल. बाकीच्या मुली उठून बसतील, फोटोसाठी रांग लावा म्हणून कोणीतरी हाका मारेल, तिचे बाबा घड्याळ बघतील. तिला उठवू नकोस. कोणालाही उठवू देऊ नकोस. ती डोळे उघडेल तेव्हा तिला सगळ्यांत आधी तू दिसणार आहेस. ती आईला शोधत असेल आणि समोर तू असशील, हे तुला आधी ठाऊक असावं, एवढ्यासाठी मी तुला लिहिते आहे. त्या वेळी तुझ्या तोंडावर माफी नको. मी ती नव्हे गं, असं डोळ्यांनीसुद्धा म्हणू नकोस. तिनं विचारलं, "आई आली होती का?" तर जे आपल्याला ठाऊक नाही ते हो म्हणून सांगू नकोस, आणि नाही म्हणूनही सांगू नकोस. एवढंच विचार, "तू तिला काय काय सांगितलंस?" आणि ती सांगायला लागली तर ऐक. शाळेचं आधी येईल, मग मुंगीचं, मग बाकीचं. ते बाकीचं काय आहे ते मलाही तिनं कधी सांगितलेलं नाही. दोन वर्षांचं साठलेलं आहे, वेळ लागेल. घरी लोक जेवायला खोळंबले असतील. खोळंबू देत.

तुझीच,
मुलींची मावशी